तो, ती, ते आणि एक कोयता

मराठीत कुणाबद्दल साधं एक वाक्य बोलायचं तरी आधी दोन निकाल द्यावे लागतात. ज्याच्याबद्दल बोलतोय तो बाप्या की बाई, हा पहिला. त्याला मान द्यायचा की नाही, हा दुसरा. आला, आली, आले, आल्या यांतलं एक उचलल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. हे निकाल आपण इतक्या झपाट्याने देतो की दिले हेही लक्षात येत नाही. आणि ज्याच्याबद्दल दिले, तो माणूस बहुतेक वेळा समोर नसतोच.

समोरच्याला 'तुम्ही' म्हणण्यात थोडी भीती असते, थोडा व्यवहार असतो. त्याला ऐकू जातंय, तो रागवेल, काम अडेल. पण 'तो' आणि 'ते' यांतली निवड आपण त्याच्या पाठीमागे करतो. तिथे कुणी बघत नाही. म्हणून मला वाटतं, एखाद्या समाजात कुणाला खरोखर किती किंमत आहे हे बघायचं असेल, तर द्वितीय पुरुष सोडावा आणि तृतीय पुरुष ऐकावा. जो समोर नाही त्याचं आपण काही देणं लागतो का, आणि लागत असलो तर ते सर्वनामासारख्या चिमुकल्या शब्दातही लागतो का, हा प्रश्न मला सोडत नाही.

आधी जरा लांब जाऊन येऊ.

फिलिपिन्समधल्या तगालोग भाषेत 'तो' आणि 'ती' असे वेगळे शब्द नाहीत. दोघांना मिळून एकच शब्द : सिया. (आपल्या कानाला लगेच सीताच आठवते, पण तिचा इथे काही संबंध नाही.) सेबुआनोतही सिया, हिलिगायनॉनमध्येही सिया. क्रियापदातही पुरुष-बाई असा भेद नाही. त्यामुळे एखादी फिलिपिनो व्यक्ती आपल्या साहेबाबद्दल तासभर बोलली, तरी साहेब पुरुष आहे की बाई हे कळेलच असं नाही. तिथली माणसं इंग्रजी बोलताना 'ही' आणि 'शी'ची सरमिसळ करतात ती यामुळेच. त्यांना फरक कळत नाही असं नाही. बोलण्याआधी तो फरक विचारायची त्यांच्या जिभेला सवय नाही, इतकंच.

हा शब्द आला कुठून? भाषाशास्त्रज्ञ तो आद्य ऑस्ट्रोनेशियन भाषेपर्यंत मागे नेतात. तैवानच्या बाजूने काही हजार वर्षांपूर्वी निघालेल्या दर्यावर्दी लोकांची ती भाषा. तिथे 'इया' म्हणजे तो किंवा ती. मलयमध्ये त्याचे 'इया' आणि 'दिया' झाले, न्यूझीलंडच्या माओरीत 'इया'च राहिला. फिलिपिन्समध्ये त्याच्यापुढे 'सि' चिकटला, आणि गंमत या 'सि'मध्ये आहे. तगालोगमध्ये माणसाच्या नावाआधी 'सि' लागतो : सि मारिया, सि पेद्रो. दगड, भांडं, झाड यांना तो लागत नाही, त्यांच्यासाठी 'आंग'. म्हणजे 'सिया' या शब्दाच्या पोटात नावागावाच्या माणसाची खूण बसलेली आहे. निर्जीव वस्तूला सहसा कुणी सिया म्हणत नाही, तिच्यासाठी 'हे', 'ते' दाखवणारे शब्द वेगळे आहेत.

तगालोग बोलणाऱ्याला बोलण्याआधी एकच विचारावं लागतं : हे माणूस आहे का? बाई की पुरुष, हे विचारलंच जात नाही.

स्पॅनिश राजवट तिथे तीन शतकांहून अधिक काळ होती. तिने पुष्कळ लिंगभेदी शब्द दिले : दुकानदार पुरुष असला तर तिन्देरो, बाई असली तर तिन्देरा. पण सर्वनामाला तिला हात लावता आला नाही. नामं बाजारात येतात-जातात, सर्वनामं घरातली असतात. ती सहजी बदलत नाहीत.

आता आपलं बघा. संस्कृतात तृतीय पुरुषासाठी खास असं सर्वनामच नव्हतं. 'तद्' हे दर्शक सर्वनाम, म्हणजे लांबच्या वस्तूकडे बोट दाखवणारा शब्द, त्याचंच काम करायचं : सः, सा, तत्. प्राकृतात 'सः'चा 'सो' झाला. मराठीत इतर विभक्तींमधल्या 'त'ने त्या 'स'ची जागा घेतली आणि 'तो' आला. आजही 'तो दगड', 'तो बैल', 'तो माणूस' आणि 'तो आला' यांतला 'तो' एकच. आपलं सर्वनाम मुळात बोट आहे. ते लांबून दाखवतं, आणि दाखवलेली गोष्ट माणूस आहे की वस्तू याची चौकशी करत नाही. चौकशी करतं ती लिंगाची आणि मानाची.

फिलिपिन्सच्या भाषेत सगळी समता नांदते असं मात्र समजू नका. तिथेही मान देताना अनेकवचन लागतंच. फोनवर अनोळखी माणसाला अदबीने 'कोण बोलताय' विचारायचं तर 'सिनो पो सिला?' म्हणतात. शब्दाला शब्द ठेवला तर 'कोण हो ते?' असं होईल. सिला म्हणजे 'ते', अनेकवचन. एका माणसाला मोठं करायचं तर त्याला अनेक करा, ही युक्ती त्यांनाही सुचली आणि आपल्यालाही. बाईला आणि पुरुषाला एकच सर्वनाम असलेल्या त्या देशात दोन बायका राष्ट्राध्यक्ष झाल्या हे खरं, कोराझोन अकिनो १९८६ मध्ये आणि ग्लोरिया अरोयो २००१ मध्ये. पण मुस्लिम समाज सोडला तर तिथे घटस्फोटाचा कायदा नाही, आणि हाँगकाँगपासून आखातापर्यंत घरकामाला जाणाऱ्यांत तिथल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. बंगालीतही 'शे' म्हणजे तो आणि ती दोन्ही, फारसीतही एकच 'ऊ'. तिथल्या बायकांना त्यामुळे वेगळा न्याय मिळाला असं म्हणायची सोय नाही. सर्वनामाने समाज घडत नाही. मग मी एवढं का लिहितोय, तर त्याचं कारण जालना जिल्ह्यात आहे.

अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ अंकुशनगर आहे. साखर कारखान्याभोवती वाढलेली वसाहत. कारखाना उभा करणारे अंकुशराव टोपे, त्यांच्यावरून नाव. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आणि जवळून वाहणारी गोदावरी, म्हणून या पट्ट्यात ऊस. २०२३ नंतर अंतरवाली सराटीमुळे हा तालुका टीव्हीवर सतत दिसायला लागला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या वर्षाचे दोन भाग आहेत : हंगाम आणि हंगाम नसलेला काळ.

इथे एक व्याकरणाची गंमत आहे. अंकुशराव टोपे यांच्याबद्दल बोलताना म्हणायचं 'ते'. अंकुशनगरबद्दल बोलतानाही 'ते'. पहिला 'ते' आदराचा, पुल्लिंगी अनेकवचनी. दुसरा नपुंसकलिंगी एकवचनी, गावाचा. जुन्या पुस्तकांत दुसऱ्यावर अनुस्वार असायचा, 'तें'. १९६२ च्या लेखनाच्या नियमांनी तो गेला, आणि सगळ्यांत मोठा माणूस आणि कुठलीही वस्तू यांना मराठीत लिहायला एकच शब्द उरला. फरक क्रियापदात कळतो. ते आले, ते आलं.

म्हणून क्रियापदं ऐकायची. कारखान्याच्या कुठल्याही गावात हंगामाच्या सुरुवातीला कान देऊन ऐका. चेअरमन साहेब आले. शेतकी अधिकारी आले. डॉक्टर आले. मुकादम आले. ड्रायव्हर आला. वॉचमन आला. गडी आला. एका दमात सांगितलेल्या बातमीत 'आले' कुठे संपतं आणि 'आला' कुठे सुरू होतं, ती रेघ पगाराच्या तक्त्यासारखी स्वच्छ असते. वयाचा संबंध नाही. पाडव्याला ठरवलेला सालगडी साठीचा असला तरी घरातलं दहा वर्षांचं पोरगं सांगतं, 'गडी आला नाही आज.' त्या पोराला कुणी हे शिकवलेलं नसतं. त्याने ते ऐकलेलं असतं, सर्वनामं अशीच शिकली जातात.

वर्तमानपत्रंही तशीच. ट्रॉलीखाली सापडून मजूर 'ठार झाला', उद्योगपतींचं 'निधन झाले'. आरोपी सामान्य असला तर 'तो पसार झाला', वजनदार असला तर 'त्यांना अटक करण्यात आली'. गुन्हा तोच असू शकतो. अनेकवचन जामिनासारखं काहींना आधीच मिळालेलं असतं.

अरबी व्याकरणात तृतीय पुरुषाला 'गायब' म्हणतात, म्हणजे गैरहजर. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त तर म्हणायचा की तृतीय पुरुष हा खरं तर पुरुषच नाही. 'मी' आणि 'तू' हे बोलण्यातले भागीदार, 'तो' नुसता विषय. संस्कृत व्याकरणाने उलटं केलं : 'तो'ला म्हटलं प्रथम पुरुष, 'तू'ला मध्यम आणि 'मी'ला उत्तम. गैरहजर माणसाचा नंबर पहिला. हे मानापोटी केलं नसणार, मांडणीच्या सोयीसाठी असेल. तरी मला ते नाव आवडतं. शाळेत आपण तृतीय पुरुष म्हणूनच शिकलो आणि 'मी'ला पहिलं बसवलं.

मान-अपमानाबद्दल आपण बेफिकीर आहोत असं मात्र मुळीच नाही. 'एकेरी उल्लेख' हा मराठीतला स्वतंत्र गुन्हा आहे. एखादा नेता दुसऱ्याबद्दल एकेरीवर आला की त्याची बातमी होते, निषेध होतात, कुणाच्या तरी पुतळ्याला चपला बसतात. गोविंद पानसरे यांच्या 'शिवाजी कोण होता?' या १९८८ च्या पुस्तिकेने किती तरी वाचकांना शिवाजीराजांकडे, रयतेच्या राजाकडे, नव्याने बघायला लावलं, तरी तिच्या शीर्षकातल्या 'होता'वर अडणारे आजही आहेत. मुंबईचं स्टेशन २०१७ मध्ये आणि विमानतळ २०१८ मध्ये 'महाराज' शब्द जोडून पूर्ण करण्यात आले. यात चूक काही नाही. आपल्याला ज्यांचा मान वाटतो त्यांच्यासाठी आपण अनेकवचन मागतो.

पण विठोबाला कुणी 'तुम्ही' म्हणत नाही. देव एकेरीतला. आईही एकेरीतली : बाबा आले, आई आली. म्हणजे एकेरी नेहमी अपमानाचंच असतं असं नाही, जवळिकीचंही असतं. आपली भाषा याच बाबतीत लबाड आहे. जवळ घ्यायला आणि खाली बसवायला तिच्याकडे एकच शब्द आहे.

मग ओळखायचं कसं? मी एक साधी कसोटी लावतो, ती म्हणजे उलटून बघायचं. मी आईला 'ती' म्हणतो, आई मला 'तो' म्हणते. हिशेब बरोबर. नव्या घरांमधली मुलं बाबांना 'अरे बाबा' म्हणतात आणि 'बाबा आला' म्हणतात, पूर्वीच्या लोकांना ते खटकतं. मला खटकत नाही, कारण बाबाही मुलाला 'तो'च म्हणतो. पण सालगडी मालकाच्या पोराबद्दल म्हणतो, 'धाकटे मालक आले', आणि पोरगं म्हणतं, 'गडी आला'. इथे जवळीक नाही, ही एकदिशा वाहतूक आहे. बायको नवऱ्याबद्दल म्हणते 'हे आले', 'मालक आले', नवरा म्हणतो 'ही आली'. तिथेही तेच. शब्द एकेरी आहे की आदराचा हे फारसं महत्त्वाचं नाही. तो परत येतो का, हे बघायचं.

ही कसोटी घेऊन आता फडात जाऊ.

ऊसतोडीच्या धंद्यात माणसं मोजायचं माप 'कोयता' आहे. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. एकटा गडी किंवा एकटी बाई असेल तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. किती टोळी आणली विचारलं तर उत्तर येतं, वीस कोयते, पंचवीस कोयते. हे एखाद्या कारखान्याचं किंवा जिल्ह्याचं नाही. बीड, जालना, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर निघून मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकपर्यंत जिथे जिथे टोळ्या जातात, तिथे सगळीकडे हेच माप.

आता याचं व्याकरण बघा. मराठीत दोन पुरुष असले तर 'ते दोघे'. दोन बायका असल्या तर 'त्या दोघी'. एक पुरुष आणि एक बाई असेल तर 'ती दोघं'. हा तिसरा प्रकार हिंदीत नाही. तिथे एक पुरुष आला की सगळा घोळका पुल्लिंगी होतो. मराठीने बाईला पुरुषात बुडवलं नाही. तिने दोघांना एका तिसऱ्या, नपुंसकलिंगी घरात शेजारी-शेजारी बसवलं. 'माणूस' हा शब्द पुल्लिंगी, पण अनेकवचन 'ती माणसं', तेही त्याच घरातलं. (हल्ली वेब सिरीजच्या सबटायटलमध्ये जोडप्यालाही 'ते दोघे' म्हणतात. हिंदीचा वारा लागलाय. थांबवता आलं तर थांबवावं असं मला वाटतं.)

तर नवरा-बायको फडात जातात तेव्हा ती दोघं असतात. मुकादमाच्या वहीत जातात तेव्हा 'तो कोयता' होतो. पुल्लिंगी, एकवचनी. दोन माणसांचं एक हत्यार झालं, आणि त्या हत्याराचं लिंग पुरुषाचं आहे. बाई पहाटे उठून भाकरी करते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, आणि वाक्यात कुठेच नसते. उचल नवऱ्याच्या हातात पडते, व्यवहार त्याच्याशी ठरतो. ती आजारी पडली तर 'कोयत्याचा' खाडा धरला जातो. 'ती आजारी आहे' असं वाक्य हिशेबात लिहायला जागाच नाही, कारण हिशेबाला 'ती' माहीतच नाही.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीतले दिवस, अंगावरून जाणं, त्यासाठी पडणारा खाडा, खाड्यामुळे फिरणारी उचल, आणि 'एकदाची काढून टाका' म्हणणारे डॉक्टर, अशी ती साखळी होती. पुरुषाला पाळी येत नाही, म्हणून कोयत्यालाही येत नाही. ज्या एककात मोजणी झाली त्या एककाला शरीर नव्हतं. मग खरं शरीर मध्ये आलं तेव्हा शरीर कापलं गेलं, एकक तसंच राहिलं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. शब्द बदलून काय होणार? 'कोयता'ऐवजी 'जोडपं' म्हणा, 'आदरणीय श्रमिक दांपत्य' म्हणा. मजुरी वाढवा, कोपीजवळ संडास बांधा, लेकरांसाठी शाळा चालवा, मग सर्वनामांचं बोला. सरकारी कागदांवर 'दिव्यांग' लिहून रॅम्प न बांधणाऱ्या देशात हा संशय रास्तच आहे. शिवाय 'सिया'ने फिलिपिनो बायकांना आखातातल्या स्वयंपाकघरांतून परत आणलं नाही, हे मीच वर लिहिलंय.

माझं म्हणणं इतकंच की सगळे शब्द एकसारखे नसतात. काही नुसते शिष्टाचार असतात, काही हिशेब असतात. 'साहेब आले' की 'साहेब आला' हा बहुतांशी शिष्टाचार आहे. 'एक कोयता' हा हिशेब आहे. वहीत एका नावाऐवजी दोन नावं लिहिली तर उचल दोघांच्या नावाने होते, मजुरी दोन खात्यांत जाऊ शकते, अपघात झाला तर भरपाई मागणारी एक वेगळी व्यक्ती तयार होते, खाडा कुणाचा हे विचारावं लागतं. तिथे शब्द बदलणं म्हणजे मजुरीबद्दल बोलणंच आहे. हा शब्द सौम्य करून भागायचं नाही, तो दोनात फोडावा लागेल.

आणि इथेच मला 'सिया'तला 'सि' पुन्हा आठवतो. बाई की पुरुष हे न विचारणारी भाषा चांगली की विचारणारी, यावर लोक तावातावाने बोलतात. मला त्यापेक्षा 'सि'चा प्रश्न मोठा वाटतो. ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला नाव आहे का? फडात लिंगभेद विसरून सगळ्यांना एका शब्दात घेतलं की समता झाली असं नाही. 'कोयता' हा शब्द एका अर्थी लिंगभेद विसरलेलाच शब्द आहे. त्याने बाईला आणि बाप्याला एकच नाव दिलं. फक्त ते नाव लोखंडाचं आहे.

नपुंसकलिंगाचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल थोडं. मराठीतलं हे तिसरं घर मोठं विचित्र आहे. लेकरू आलं, पोरगं आलं, म्हातारं दमलं : यात माया आहे. मालवणीत 'चेडू' म्हणजे मुलगी, आणि ते नपुंसकलिंगी. गोव्याच्या कोंकणीत तरुण मुलीबद्दल बोलताना 'ती' नाही, 'तें' म्हणतात, आणि त्यात तिचा अपमान नसतो. पण हाच नपुंसकलिंगी प्रत्यय तृतीयपंथी व्यक्तीला लावला जातो तेव्हा, 'ते आलं बघ' म्हणताना, बोलणाऱ्याच्या ओठांची ठेवण बदलते. लेकराला जवळ घेणारा शब्द तिथे ढकलायला वापरला जातो.

इंग्रजीत यावर तोडगा म्हणून लोक आपापली सर्वनामं जाहीर करतात, 'दे' वापरतात. त्याचं भाषांतर करून मराठीत 'ते' म्हणावं असं काही जण सुचवतात. जमत नाही. 'ते आले' म्हटलं की मराठी कानाला पुरुष दिसतो. पण आपल्याकडे दोन वाटा आधीपासून आहेत. एक म्हणजे 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचं'. या रूपांत बाई-पुरुष काही कळत नाही. 'त्यांनी सांगितलं' या वाक्यात मान आहे आणि लिंग नाही, अगदी तगालोगसारखं. दुसरी वाट त्याहून चांगली. मराठीत माणूस स्वतःबद्दल बोलतानाच आपलं लिंग सांगतो : मी आलो, मी आले. इंग्रजीत हे कळायला बिल्ला लावावा लागतो, आपल्याकडे एक क्रियापद पुरतं. समोरची व्यक्ती 'मी आले' म्हणाली की तिच्या पाठीमागे आपण 'ती आली' म्हणायचं. प्रथम पुरुषाने जे सांगितलं ते तृतीय पुरुषाने पाळायचं.

यालाही अपवाद आहे, आणि तो छान आहे. कोल्हापूरकडच्या मुली बिनधास्त 'मी आलो', 'मी जेवतो' म्हणतात आणि त्यांना कुणी 'तो' म्हणत नाही. म्हणजे नुसतं क्रियापद ऐकून भागत नाही, माणूसही ऐकावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात आपलं लिंग कोणतं हे सांगण्याचा हक्क त्या व्यक्तीलाच दिला. २०१९ च्या कायद्याने त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आणलं. 'मी आले' या वाक्याला शिक्का लागतो, हे व्याकरणाच्या दृष्टीने तरी हास्यास्पद आहे.

वारीत यातलं काहीच लागत नाही. तिथे पुरुषही माउली आणि बाईही माउली. ज्ञानेश्वर माउली, विठ्ठल माउली, पाय चुकून लागला तो म्हातारा माउली, पाणी देणारी पोरगी माउली, बंदोबस्ताचा पोलीसही माउली. शब्द स्त्रीलिंगी, लागू सगळ्यांना. आणि तो परत येतो : मी तुम्हाला माउली, तुम्ही मला माउली. उलटून बघायच्या कसोटीत हा एकच शब्द मला पैकीच्या पैकी गुण मिळवताना दिसतो. अर्थात हे समोरासमोर आणि वारीपुरतं. घरी आल्यावर तोच वारकरी आपल्या गड्याबद्दल काय म्हणतो, ते मी लिहिलंच आहे.

सगळ्यांना सरसकट 'ते' आणि 'त्या' म्हणावं का? मला नाही वाटत. आईला 'त्या' म्हणणारं घर मला नको. मित्राला 'ते' म्हणायला लागलो तर तो विचारेल, काय बिनसलं? माझी मागणी छोटी आहे. वयाने मोठा, अनोळखी, आपलं काम करणारा माणूस पाठीमागेही 'ते' असावा, पगार कितीही असो. 'ड्रायव्हर आले', 'मावशी आल्या', 'वॉचमनकाका जेवायला गेलेत' म्हणायला एक पैसा लागत नाही. शहरातल्या सोसायट्यांत काही घरांत ही पद्धत रुजलीय, आणि तिथली मुलं ती आपोआप उचलतात, जशी ती 'गडी आला' उचलतात. यावर दिखाऊपणाचा आरोप होईल. होऊ दे. पाठीमागचा दिखाऊपणा कुणाला दिसणार?

राहिला कोयता. तो सर्वनामाने सुटणारा नाही, वहीने सुटणारा आहे. पण वहीतही कुणीतरी आधी ते वाक्य वेगळं बोलल्याशिवाय वेगळं लिहिलं जाणार नाही.

मराठीत आणखी एक सुंदर सोय आहे, ती सांगायची राहिली. दारात कोण आहे हे माहीत नसतं तेव्हा आपण 'कोण आला?' किंवा 'कोण आली?' विचारत नाही. 'कोण आलंय?' विचारतो. ओळख पटेपर्यंत बाई नाही, बाप्या नाही, साहेब नाही, गडी नाही, नुसतं आलेलं कुणीतरी. सगळे निकाल त्या एका क्षणापुरते थांबलेले असतात.

आमच्या भागात दिवाळीनंतर रात्री-बेरात्री शेताकडे ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज येतो. घरातून कुणीतरी अंधारात हाक मारतं, 'कोण आलंय?' बांधावरून उत्तर येतं, 'कोयते आलेत.' ट्रॉलीतून आधी लेकरं उतरतात, मग शेळी, मग पत्र्याची पेटी आणि भांडी. बायका शेवटी उतरतात, कारण सामान खाली द्यायचं असतं. लेकरांची गणती कोयत्यात होत नाही.